मदत हवी आहे: 'ब्लूम'ला मराठीत काय म्हणायचं? अर्जंट

नवी_अनुवादक
ब्लूमला मराठीत नेमका शब्द सांगा प्लीज, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. मी फुलोरा लिहिलं तर परत आलं, शेजारी लाल अक्षरात 'अर्थ लागत नाही' एवढंच. बहर करून बघितलं, तेही बसेना. डिक्शनरी बघा असं सांगू नका, बघून झालीये.

माळीकाका
कशाचं ब्लूम ते सांगा आधी. आपल्याकडे फुलण्याला एकच शब्द कुठाय? आंब्याला मोहोर, उसाला तुरा, भात निसवतं, कपाशीला आधी पाती लागतात मग फुलं, डाळिंबाचा बहार धरतात आणि त्यातही मृग, हस्त, आंबे असे तीन. पीक कळल्याशिवाय शब्द सांगता येणार नाही.

चॉकलेटवाली_ठाणे
माझ्या धंद्यात ब्लूम म्हणजे चॉकलेटवर येणारा पांढुरका थर. गिऱ्हाईक बुरशी समजून परत आणतं, ती बुरशी नसते. उन्हात वितळून परत घट्ट झालं की कोको बटर वर येतं, तो फॅट ब्लूम, बोटाने चोळला की विरघळतो. फ्रिजमधून काढल्यावर दव धरलं की साखर वर येते, तो शुगर ब्लूम, हाताला खरखरीत लागतो. मी 'पांढरा पडलाय' म्हणते, सगळ्यांना कळतं.

भिलाईकर
पोलाद कारखान्यातलं असेल तर भाषांतर करूच नका. ब्लूम, बिलेट, स्लॅब हे तिथले रोजचे शब्द. ब्लूम म्हणजे चौकोनी जाड ठोकळा, आमच्याकडे त्यापासून रेल्वेचे रूळ लाटतात. जुन्या इंग्रजीत ब्लोमा म्हणजे धातूचा गोळा, त्यामुळे इथे फुलाशी संबंध लावत बसू नका.

कोडकट्टा
कॉम्प्युटर प्रोग्रॅममधला ब्लूम फिल्टर असेल तर ते आडनाव आहे, बर्टन ब्लूम, १९७०. एखादी गोष्ट यादीत 'नक्की नाही' किंवा 'असू शकेल' एवढंच तो सांगतो.

चॉकलेटवाली_ठाणे
आडनावावरून आठवलं, जिलेटिनच्या पाकिटावर २२५ ब्लूम लिहितात तेही ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसावरून. आकडा जितका मोठा तितकी जेली घट्ट.

गच्चीबाग
इथे बागेतली जाणकार मंडळी दिसतायत म्हणून विचारते, माझ्या कुंडीतल्या जास्वंदीला कळ्या येतात आणि न फुलताच गळतात, काय करू?

नवी_अनुवादक
अहो चॉकलेट नाही, पोलाद नाही, द्राक्षं आहेत!! लिहायचं राहिलं, सॉरी. नाशिकच्या एका पॅकहाऊसमध्ये भिंतीवर लावायच्या सूचना आहेत, घड निवडणाऱ्या बायकांसाठी. वाक्य आहे 'डू नॉट रब ऑफ द ब्लूम'. आता फुलोरा पुसू नका असं कसं लिहिणार?

निफाडचा_बागायतदार
ताई हे पहिल्याच ओळीत सांगायचं की. पिकलेल्या मण्यावर धुरकट पांढरी झाक असते, काळ्या द्राक्षावर तर लगेच दिसते, बोट लावलं की तेवढ्या जागी मणी काळा चकचकीत होतो आणि ठसा उठतो तो उठतोच. मण्याचं स्वतःचं मेण आहे ते, आतलं पाणी त्यामुळे टिकतं. ते गेलं की माल हाताळलेला दिसतो, भाव पडतो. आम्ही सरळ पावडर म्हणतो.

शब्दप्रेमी
पावडर हा काय शब्द झाला? लव लिहा. किती सुंदर मराठी शब्द आहे.

माळीकाका
लव म्हणजे बारीक केस. द्राक्षावर केस असतात का?

शब्दप्रेमी
शब्दाचा अर्थ वापराने विस्तारतो. पावडर लावत बसलो तर मराठी उरणार नाही.

निफाडचा_बागायतदार
तुमचं मराठीप्रेम मान्य, पण बाई सकाळी आठपासून कात्री घेऊन उभी असते, तिला वाचताक्षणी कळलं पाहिजे. आणि नवी_अनुवादक ताई, 'पांढरी भुकटी' असंही नुसतं लिहू नका. भुरी रोगही पांढराच दिसतो, औषधाचे डागही पांढरेच. काय ठेवायचं आणि काय काढायचं यात गोंधळ झाला तर पेटी गेली. चोळू नका म्हणण्यापेक्षा धरायचं कुठे ते सांगा.

नवी_अनुवादक
हे फार महत्त्वाचं सांगितलंत दादा, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असं केलंय: 'घड देठाला धरून उचला. मण्यावरची पांढरट झाक हे द्राक्षाचं नैसर्गिक मेण आहे, त्याला बोट लावू नका, पुसू नका.' एक ओळीच्या तीन झाल्या पण चालेल. दुसऱ्या पानावर 'फुल ब्लूम स्टेज' आहे, तिथे तरी फुलोराच ना?

निफाडचा_बागायतदार
हो, तिथे फुलोराच. ऑक्टोबर छाटणीनंतर येतो तो, तेव्हा पाऊस झाला की गळ-कुज ठरलेली. आणि गच्चीबाग ताई, कळीच्या देठापाशी पांढरा कापूस दिसतोय का बघा, पिठ्या ढेकूण असेल. तो मात्र पुसून काढा.