घरी आल्यावरही डोक्यात चालू राहणारा कोड

वनाज कॉर्नर

नमस्कार. मी गेली तेरा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचे, म्हणजे ग्राहकाला न दिसणाऱ्या पडद्यामागच्या प्रणालीचे, काम करतो आहे. घर कोथरूडला आणि कार्यालय हिंजवडीच्या फेज तीनमध्ये असून आठवड्यातून तीन दिवस तेथे जावे लागते. वनाजहून रामवाडीला जाणारी मेट्रो घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण ती मला हवी त्याच्या उलट दिशेला जात असल्याने चांदणी चौक, महामार्ग आणि भूमकर चौक हाच माझा रोजचा रस्ता आहे. त्या रस्त्याबद्दल सगळ्यांचे सगळे बोलून झाले आहे, त्यात भर घालत नाही. माझी अडचण घरी पोहोचल्यानंतरची आहे.

आमची निम्मी टीम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि त्यांच्या सकाळी आठ वाजता रोजची बैठक असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचे घड्याळ तासभर पुढे जाते, तेव्हा त्यांच्यात आणि आपल्यात साडेबारा तासांचे अंतर राहते आणि बैठक आपल्या रात्री साडेआठला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे आले की तेच अंतर साडेतेरा तासांचे होते आणि बैठक साडेनऊवर जाते. म्हणजे वर्षातील आठेक महिने सर्वांसोबतचे जेवण बुडते आणि उरलेले चार महिने मुलीला झोपवण्याची वेळ.

मुलगी तिसरीत आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून पाढे म्हणत होती आणि मी समोर बसून कोथिंबीर निवडत होतो. दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: ग्राहक पैसे भरत असताना जोडणी मध्येच तुटली की आमची प्रणाली पुन्हा प्रयत्न करते, आणि त्यात अगदी क्वचित एकाच व्यवहाराची दोनदा नोंद होते. मुलीने "सात आठे अठ्ठावन्न" म्हटले, मी "शाबास, पुढे" म्हणालो. तिने "सात नव्वे सत्तर" म्हटले, त्यालाही मी शाबासकी दिली. मग ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम चुकीचं म्हणत होते." ती रागावली नव्हती. तिला फक्त तपासून पाहायचे होते, आणि निकाल तिच्या अंदाजाप्रमाणेच लागला होता.

त्या वेळी लॅपटॉप बंद होता आणि फोन आतल्या खोलीत होता, त्यामुळे "घरी आल्यावर पडद्यापासून दूर राहा" हा सल्ला मला लागू पडत नाही. पत्नी बँकेत आहे. दिवसाचा हिशेब जुळला की तिचा विषय तिथेच संपतो, निदान ती तसे म्हणते. व्यवस्थापकपद घ्यावे असे अनेकांनी सुचवले, परंतु मला कोड लिहायला आवडते आणि ते सोडायची इच्छा नाही. पस्तिशीनंतरही जे स्वतः कोड लिहितात आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी यावर काय केले, हे जाणून घ्यायचे आहे.

अर्धविराम

माझी या व्यवसायातील बावीस वर्षे झाली आणि अजूनही मी रोज कोड लिहितो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. आपला त्रास कामाच्या तासांचा कमी आणि काम कोणत्या अवस्थेत सोडले जाते याचा जास्त आहे, असे मला वाटते. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली असे मांडले होते की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते. नंतरच्या प्रयोगांत सर्वांनाच तसे आढळले नाही, त्यामुळे त्याला नियम म्हणण्याचे कारण नाही, पण बग, म्हणजे कोडमधील चूक, शोधणाऱ्या माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही.

मी करतो ते असे. निघण्यापूर्वीची वीस मिनिटे नवीन काहीही सुरू करत नाही. तोवर जे समजले आहे ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो: काय पाहिले, कशावर संशय आहे, कोणता संशय खोटा ठरला आणि उद्या बसल्यावर पहिली आज्ञा कोणती द्यायची. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. "रिट्राय तपासणे" असे लिहून उपयोग होत नाही; कोणत्या फाइलमधील कोणत्या फंक्शनवर (कोडच्या तुकड्यावर) लॉग, म्हणजे काय घडते त्याची नोंद, टाकायचा, इतके बारीक लिहावे लागते, नाहीतर मनाला ते काम कोणीतरी सांभाळते आहे असे वाटत नाही आणि ते स्वतःच राखण करत बसते. शक्य असेल तर मी एक नापास होणारी चाचणी, म्हणजे बग असेपर्यंत लाल दिसणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून ठेवतो. सकाळी ती लाल दिसली की कुठे होतो ते दोन मिनिटांत आठवते.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाबाहेरची. अर्धवट काम गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) स्टॅश करून, म्हणजे तात्पुरते बाजूला टाकून, जाऊ नये. स्टॅश म्हणजे आपल्याकडचा माळा आहे. वर टाकलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईतच सापडते. वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढून त्यावर कच्ची का होईना, कमिट, म्हणजे बदलांची रीतसर नोंद, करावी.

एवढे करूनही काही संध्याकाळी डोके रिकामे होत नाही. अशा दिवशी मी मुलांना सरळ सांगतो की आज एक कोडे सुटलेले नाही, मला दहा मिनिटे द्या. लक्ष असल्याचे सोंग त्यांना लगेच कळते, हे आपल्या कन्येने दाखवून दिलेच आहे.

रात्रपहारा

वरील सल्ला चांगला आहे आणि मीही तो पाळते, परंतु मूळ प्रश्नातील एका वाक्यावर मी अडले. पत्नीचा विषय बँकेत संपतो, असे आपण लिहिले आहे. तिच्या बँकेचा विषय संपत असेलही. शाळेच्या व्हॅनच्या काकांचा क्रमांक कोणाच्या फोनमध्ये आहे, मुलीच्या गणवेशाची उंची कधी वाढवून घ्यायची हे कोणाच्या लक्षात असते, आणि आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की ते प्रथम कोणाला कळते, याची उत्तरे एकदा कागदावर लिहून पाहावीत. अशी चार कामे पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत, म्हणजे "मला आठवण कर" असे न म्हणता. मुलीच्या व्हॅनची वेळ ज्याला स्वतः पाळायची असते, त्याचे डोके त्या वेळेपुरते तरी कोडमधून बाहेर येते, हा माझ्या घरातील अनुभव आहे.

मी प्रणाली चालू ठेवण्याच्या कामात आहे, म्हणजे दर चौथ्या आठवड्यात रात्री-अपरात्री फोन वाजणार हे ठरलेलेच असते. सुरुवातीला माझ्या कामाच्या पाळीचा आठवडा मलाच ठाऊक असायचा आणि घरच्यांना तो फोन वाजल्यावर कळायचा. त्यातून जी धुसफूस व्हायची ती कामाबद्दल नसून न सांगितल्याबद्दल होती. आता वर्षाच्या सुरुवातीला मी माझे आठवडे कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिते, दुधाचे खाडे जिथे लिहितो त्याच चौकोनांत. त्या आठवड्यात सिंहगड नाही, पाहुणे नाहीत, आणि सकाळी मुलाला उठवण्याचे काम नवऱ्याकडे. सासूबाई स्वतः पान उलटून पाहतात आणि मग बहिणीकडे जाण्याचा दिवस ठरवतात.

पाळणाघराबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी सांगते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. तरतूद चांगली आहे, पण दोन वर्षांच्या मुलाला वारज्याहून हिंजवडीपर्यंत रोज गाडीत बसवून नेणे मला जमले नाही. आम्ही घराजवळच्याच एका मावशींकडे ठेवले. सोय कार्यालयात असणे आणि ती आपल्या उपयोगी पडणे यांच्यामध्ये पुण्याची वाहतूक उभी असते.

तिसरी पाळी

मी संगणकातील माणूस नाही. पिंपरीतील एका कारखान्यात चौतीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झालो. मुलगा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्यामुळे हे सर्व वाचतो.

आमच्या वेळी भोंगा झाला की काम गेटच्या आत राहत असे, हे खरे आहे आणि मुलाला मी ते अनेकदा ऐकवले आहे. त्यावर एकदा माझी पत्नी जे म्हणाली ते येथे लिहितो. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी दिवसा झोपत असे. दोन खोल्यांचे घर होते. मुलांनी मोठ्याने बोलायचे नाही, रेडिओ लावायचा नाही, आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वाफ धरू लागली की पत्नी गॅस बंद करून भात तसाच झाकून ठेवत असे. मला हे कधी कळलेच नाही, कारण मी झोपलेलो असे. ती म्हणाली, "तुमचं काम घरी येत नव्हतं, पण आम्ही सगळे पाळीतच होतो." तेव्हापासून मुलाला ऐकवणे कमी केले आहे.

बाणेरवासी

मला वरील सर्वांशी थोडे असहमत व्हायचे आहे. टिपणे लिहावीत, कामे वाटून घ्यावीत, हे सर्व मान्य. पण रात्री साडेआठची बैठक ही निसर्गाने नेमून दिलेली वेळ असल्यासारखे सगळे बोलत आहेत. ती कोणीतरी ठरवली आहे आणि ती बदलता येते.

मी दोन वर्षांपूर्वी याच परिस्थितीत होतो. महिनाभर मी वहीत फक्त एवढेच लिहिले की आज बैठकीत मी बोललो का, आणि माझ्यावाचून काही अडले असते का. एकवीस बैठकांपैकी सहांमध्ये मला काही सांगायचे होते. ती वही घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेलो. "मला त्रास होतो" असे म्हटले असते तर सहानुभूती मिळाली असती; आकडे दाखवल्यावर आठवड्यातून तीन दिवस लेखी वृत्तान्त आणि दोनच दिवस प्रत्यक्ष बैठक, असे ठरले. त्या दोनांपैकी एक बैठक आम्ही आपल्या सकाळी साडेआठला ठेवली, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात त्यांच्या आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने विचारले की त्या वेळी मुलांना झोपवायचे असते, तर दुसरी वेळ चालेल का. सर्व जण क्षणभर गप्प होते. आमच्या रात्री किती वाजतात हे त्यांच्यापैकी अनेकांना खरोखरच ठाऊक नव्हते, कारण आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

लेखी वृत्तान्ताला सुरुवातीला वेळ लागतो आणि काही जण तो दोन ओळींत उरकतात. तरीही एकदा सवय झाली की निर्णय का घेतला हे सहा महिन्यांनी शोधता येते.

वनाज कॉर्नर

सर्वांचे आभार. तीन आठवडे थांबून लिहितो आहे, म्हणजे नुसता उत्साह लिहिला जाणार नाही.

टिपणाची सवय निम्म्या दिवशी पाळली जाते. ज्या दिवशी पाळली त्या दिवशी फरक जाणवतो. चांदणी चौक येईपर्यंत विचार चालू असतात आणि मग विरतात. दोनदा नोंद होण्याचा तो बग सापडला. पुन्हा केलेल्या प्रयत्नात व्यवहाराचा तोच क्रमांक पाठवण्याऐवजी नवा तयार होत होता. गंमत म्हणजे तो मला सकाळी दात घासताना सुचला, टिपणात नव्हताच.

रात्रपहारा यांनी सांगितलेली यादी आम्ही दोघांनी मिळून लिहिली. माझ्या रकान्यात तीन कामे होती आणि त्यांतील एक गाडीचे सर्व्हिसिंग. यापुढे त्यावर अधिक लिहीत नाही. व्हॅन, दंतवैद्य आणि आईच्या गोळ्या आता माझ्याकडे आहेत. गोळ्या एकदा विसरलो.

बैठकीबाबत वहीत नोंदी सुरू केल्या आहेत. आतापर्यंत चौदांपैकी पाचांमध्ये बोललो. मुलगी तेराच्या पाढ्यावर पोहोचली असून तिने परवा पुन्हा मुद्दाम चूक करून पाहिली. या वेळी मी पकडली, पण तेरा आठे किती हे सांगताना मलाच बोटे मोजावी लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बैठक साडेनऊवर जाईल, त्याआधी वही घेऊन व्यवस्थापकांशी बोलायचे आहे. वेळ मागितली आहे, पुढच्या मंगळवारची मिळाली आहे, रात्री नऊची.