मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीत कोंबड्यांचे पाणी गोठू नये म्हणून काय करावे?

नमस्कार. आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो आणि परसात सहा कोंबड्या पाळल्या आहेत. जानेवारीत येथे रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते आणि सकाळी भरलेले पाणी दुपारच्या आतच गोठते. खुराडे घरापासून दूर असून तेथे वीज नाही. भांड्याखाली ठेवायचा विजेचा तापक वापरायचा, तर बर्फातून वायर न्यावी लागेल, आणि भुसा पसरलेल्या लाकडी खुराड्यात आग लागण्याची मला फार धास्ती वाटते. काळ्या रबराचे पसरट भांडे उन्हात थोडा वेळ तग धरते, पण ढगाळ दिवशी त्याचा उपयोग नाही. पाण्यात मिठाच्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. एवढ्या थंडीत तो पुरेल, असे मला वाटत नाही. पाणी खुराड्याच्या आत ठेवावे, तर ओल वाढून तुऱ्यांना हिमदंश होण्याची भीती असते. अंड्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे पाणी तुटले की अंडी घटतात. पण त्याहीपेक्षा मुक्या जिवांना तहानलेले ठेवणे जिवावर येते.

आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो. विजेविना सहा-सात तास पाणी टिकवण्याची रीत कोणी अनुभवली आहे का? आणि वीज न्यायचीच झाल्यास वायर व जोडणी सुरक्षित कशी ठेवावी?