एका पायलटचं लढाऊ अवकाशयान विज्ञानकथेतून हद्दपार करावं का?

पाषाणकर (धागाकर्ता)

दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा आमच्या पुण्यातल्या गटात वाचून होतात. यंदा एका कथेवरून चांगलीच जुंपली, तो वाद इथे आणतोय. कथेत गुरूच्या चंद्रांपाशी लढाई आहे. मातृयानाच्या पोटातून एकेक पायलट बसलेली छोटी यानं सुटतात, गिरक्या घेतात, एकमेकांच्या शेपटीला लागतात. भाषा झकास. तरी माझं मत असं की ही यानं आता विज्ञानकथेतून काढून टाका.

गिरकी हा हवेचा खेळ आहे. विमान वळतं ते पंखांवरच्या हवेच्या जोरावर. पोकळीत नुसतं नाक वळवलं तर यान आडवं होऊन आधीच्याच दिशेने जात राहतं. मार्ग बदलायचा तर इंधन जाळा. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) वेळी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई झुंजींच्या फिल्म नमुन्यादाखल वापरल्या होत्या, आणि आपण अजून तीच झुंज लिहितोय.

दुसरा मुद्दा परतीचा. क्षेपणास्त्राला एकदाच वेग घ्यायचा असतो. पायलटला चारदा इंधन जाळावं लागतं: निघायला, तिथे थांबायला, परत फिरायला, घरी पोचून थांबायला. प्रत्येक टप्पा सेकंदाला २ किमीचा आणि इंजिनातून निघणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला ३ किमी धरा. त्सिओल्कोव्स्कीच्या १९०३ च्या रॉकेटच्या समीकरणात (किती वेगाला किती इंधन लागतं, ते सांगणाऱ्या) आकडे घाला. क्षेपणास्त्राचं भरलेलं वजन रिकाम्याच्या साधारण दुप्पट येतं, पायलटच्या यानाचं चौदापटीच्या वर. शिवाय माणूस खास सूट घालूनही ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर, जेमतेम काही सेकंद सोसतो. क्षेपणास्त्राला ३० जीचंही काही वाटत नाही.

लोहगावचा_पोरगा

काका, गणित मान्य. पण क्षेपणास्त्राच्या मनात काय चाललंय ते कोण वाचणार?

निवृत्त_अभियंता

पाषाणकर, तुम्ही इंजिन आजचं घेतलंत आणि कथा दोनशे वर्षांनंतरची. वायूचा वेग सेकंदाला ३० किमी करा, संलयन इंजिन (सूर्यासारखं अणुकेंद्रकं एकत्र करून ऊर्जा काढणारं) समजा. त्याच चार टप्प्यांना पायलटच्या यानाचं गुणोत्तर जेमतेम १.३ येतं. चौदाचा राक्षस तिथेच मेला. आणि इतकं महागडं इंजिन प्रत्येक वेळी क्षेपणास्त्रासोबत फेकून द्यायचं? ते परत आणायचं म्हटलं की परत येणारं यान आलंच. त्यात माणूस बसवायचा की नाही, ते नंतर बघू.

पाषाणकर

हे उत्तर मला आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १० टनांचं यान आणि १ जी प्रवेग, एवढंच धरा. ९८ किलोन्यूटनचा रेटा गुणिले सेकंदाला ३० किमी, भागिले दोन. उत्तर साधारण १,४७० मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे त्यातला पाऊण कोयना पायलटच्या पाठीमागे बसवलात. त्यातली एक टक्का उष्णता जरी यानात शिरली तरी १५ मेगावॅट होते. पोकळीत ती वाहून न्यायला ना वारा ना पाणी, फक्त प्रारण, म्हणजे तापलेल्या वस्तूतून किरणांनी बाहेर पडणारी उष्णता. १,००० केल्विनला (सुमारे ७२५ अंश सेल्सियसला) तापलेली, दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणारी पत्र्याची पंखं घेतली तरी सुमारे १३० चौरस मीटर लागतात. कोथरूडातला ऐसपैस थ्री बीएचके पाठीला बांधून गिरक्या घ्या आता! एक गोळी त्या पत्र्याला लागली की संपलं. इंधनाचा प्रश्न सोडवायला गेलात की उष्णतेचा उभा राहतो.

दर्यावर्दी

दोघंही विमानाच्या चष्म्यातून बघताय. लहान लढाऊ यानाचा खरा पूर्वज विमान नाही, क्षेपणास्त्रनौका आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन नौकांनी कराचीवर हल्ला केला. एकेक नौका दोनशे टनांच्या आसपास. किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या, पल्ला तोकडा, म्हणून वाटेत बराच भाग त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत नेलं. पोचल्यावर त्यांनी खैबर ही विनाशिका बुडवली. गिरकी नाही, शेपटीला लागणं नाही. जायचं, मारायचं, निघायचं.

कथेत हेच आणा. लांबचा प्रवास मातृयानाने करावा, शेवटचा टप्पा छोट्याने. पाषाणकरांच्या चार टप्प्यांतला मोठा भार मातृयानावर जातो. वर एकेक यान गेलं तर तेवढंच जातं, सगळं आरमार एका टोपलीत नको.

सिंहगड_रोड

कराचीला रात्र होती, क्षितिज होतं. शत्रूच्या रडारला समुद्रातल्या गर्दीतून नेमकं काय येतंय ते कळायला वेळ लागतो. अंतराळात हे काहीच नाही. पाठीमागचं आकाश ३ केल्विनच्याही (उणे २७० अंश सेल्सियसच्याही) खाली, आणि त्यासमोर माणसाला जगवायला २० अंशांना ठेवलेली केबिन. इंजिन बंद केलं तरी उष्णतेवरून ती दिसणारच. लघुग्रहांच्या पट्ट्यात लपू म्हणाल, तर तिथेही दोन बऱ्यापैकी धोंड्यांमध्ये लाखो किलोमीटर मोकळे. चित्रात दाखवतात तशी दाटी तिथे नसते.

दर्यावर्दी

दिसणं आणि अडवता येणं या वेगळ्या गोष्टी. बारा यानं बारा दिशांनी आली तर सगळी दिसतील. पुढे काय?

पाषाणकर

मग बाराही बिनमाणसांची पाठवा. सोव्हिएत संघाने साल्युत-३ या अवकाशस्थानकावर तोफ बसवली होती. नेम धरायला सगळं स्थानक फिरवावं लागे. ती जानेवारी १९७५ मध्ये झाडून पाहिली, तेव्हा आत एकही माणूस नव्हता. हुकूम जमिनीवरून गेला.

निवृत्त_अभियंता

पृथ्वीच्या डोक्यावरून जाणाऱ्या स्थानकाला हुकूम पोचायला कितीसा वेळ लागतो! कथा गुरूपाशी आहे. गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे त्याचे दोन चंद्र गुरूच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असले तर मधलं अंतर ३० लाख किमीच्या घरात. विचारायला १० सेकंद, उत्तराला आणखी १०. समोरचं यान शरण येतंय की सोंग करतंय, हे वीस सेकंद जुन्या चित्रावरून ठरवणार? की यंत्रावर सोडणार? मी तरी सोडणार नाही.

मीच_ती_लेखिका

धागा वाचत होते, आता बोलते. शरणागतीचा प्रसंग कथेत आहे, उत्तरार्धात. गटाने लढाईवरच वाचन थांबवलेलं दिसतंय.

गिरक्या काढते, त्यांच्यावर माझा जीव नाही. पायलट राहणार. दर्यावर्दींचं ऐकून तिला दोनच टप्प्यांचं इंधन देते: निघायला आणि शत्रूच्या यानापाशी थांबायला. मातृयान मागून तिकडेच येतंय. ती ८०,००० किमी पुढे जाऊन थांबते. सेकंदाला २ किमीने तिला ११ तास लागतात, तेवढा वेळ ती एकटी.

पाषाणकर

दोन टप्पे म्हणजे चौदाचे पावणेचार झाले, तेही आजच्या इंजिनावर. हे मी छापायला देईन. पण निघाल्या क्षणापासून शत्रू तिला बघतोय हे धरून ते ११ तास लिहा. अचानक पोचली वगैरे नको. आणि खुर्चीखाली शौचाची सोय दाखवा, कुणीच दाखवत नाही.

दर्यावर्दी

दोन माणसं बसवा. अकरा तासांच्या पहाऱ्यावर कुठलंच आरमार एकट्याला ठेवत नाही.

मीच_ती_लेखिका

दुसरं माणूस आलं की केबिन वाढते, वजन वाढतं, पाषाणकर पुन्हा वही काढतात. शिवाय मग दोघं बोलत बसतील. एकटीच जाईल.