सोलापूरच्या मुलांना बालपुस्तकांच्या कामाचा अनुभव कसा मिळेल?

प्रश्न (वाचनालय चालक, सोलापूर पूर्व भाग):
नमस्कार. मी पूर्व भागातील एक छोटे वाचनालय सांभाळतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले विणकर आणि विडी कामगारांच्या घरांतली आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत त्यांच्या जोडीला कानडी व उर्दू, असा त्यांचा दिवस जातो. यंदा दहावीची परीक्षा दिलेल्या पाच जणांनी मला विचारले, की गोष्टींची पुस्तके तयार होतात तिथे महिनाभर काम करून पाहता येईल का. मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक बहुतांशी पुण्या-मुंबईत आहेत आणि ओळखीशिवाय तिथे प्रवेश कसा मिळवायचा, हे मला उमगत नाही. मागे एका प्रकाशनाने आमच्या एका मुलाला पंधरा दिवस बोलावले होते. त्याने गठ्ठे बांधले, चहा आणला आणि तो परत आला. गठ्ठे बांधण्यात कमीपणा नाही, परंतु त्यापलीकडचे काही त्याला दाखवले गेले नाही. अनुभव कशाला म्हणावा, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर (बालपुस्तकांच्या संपादक, पुणे):
सर, आपण मांडलेली तक्रार खरी आहे आणि त्यात आमच्या क्षेत्राचाही दोष आहे. माझ्या मते पहिला दिवस डमीपासून, म्हणजे पुस्तकाच्या कोऱ्या नमुन्यापासून सुरू व्हावा. एक मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. मुलाने त्यांवर स्वतः आकडे घालून कागद पुन्हा उलगडला, की पहिल्या पृष्ठाशेजारी सोळावे पाहून तो थबकतो, आणि चित्रमय पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पृष्ठांचीच का असतात, हे त्याला न सांगता कळते. त्यानंतर मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी चुका शोधण्याचे काम द्यावे, मात्र खऱ्या प्रुफावर (तपासणीसाठी काढलेल्या प्रतीवर), आणि त्याने काढलेल्या चुकांपैकी किती मान्य झाल्या, हे त्याच्यासमोर बसून सांगावे. आलेल्या हस्तलिखितांचे पहिले वाचनही देता येते. सात-आठ वर्षांच्या मुलाला कोणते वाक्य अडेल, हे मोठ्यांपेक्षा घरात धाकट्या भावंडांना गोष्टी सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला अधिक नेमके समजते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पाने जुळवण्याचे काम करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या):
ताईंचे म्हणणे पटते, परंतु दोन गोष्टी राहून गेल्या. पहिली पैशांची. माझी आई विड्या वळायची, सुट्टीत मीही तिच्यासोबत बसायचे. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, त्यामुळे मी पंधरा दिवस घराबाहेर राहिले, तर घरात तेवढे कमी येणार, हा हिशेब होता. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून पुण्यास पोहोचता येते, पण राहायचे कुठे आणि जेवायचे काय? विद्यावेतन आणि राहण्याची सोय नसेल, तर ही संधी पुन्हा ऐपत असलेल्या घरांतल्या मुलांकडेच जाते.

दुसरी गोष्ट चित्राची. उमेदवारीच्या काळात माझ्यासमोर एका गोष्टीचे चित्र आले, त्यात विडी कामगार बाई टेबलाशी खुर्चीवर बसलेली होती. मी म्हटले, ती जमिनीवर बसते, मांडीवर सूप असते, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने असतात, आणि दोरा गुंडाळताना तिची नजर बहुधा दाराकडे असते. चित्र बदलले, श्रेयनामावलीत मात्र माझे नाव आले नाही. तेव्हा नाव छापण्याची अट आधीच घालून घ्यावी.

उत्तर (मुद्रक, सोलापूर):
कायद्याचे सांगतो. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, थोडे अपवाद सोडले तर, मनाई आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामे देता येत नाहीत. आमच्याकडे मुले आली तर कटिंग मशीनजवळ त्यांना मी उभे करणार नाही. रंग जुळवणे आणि फॉर्म (पुस्तकाची अनेक पृष्ठे एकत्र छापलेले मोठे कागद) मोजणे पाहावे, तेवढे पुष्कळ आहे. पालकांची लेखी संमती घ्यावी. छपाई कळण्यासाठी पुणे गाठण्याची गरज नाही, हेही नमूद करतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. पुण्याच्या ताईंनी प्रुफे टपालाने पाठवण्याची तयारी दाखवल्यास पहिले दोन आठवडे येथेच, मुद्रक साहेबांच्या देखरेखीखाली काढता येतील. दरम्यान ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावरील खुल्या परवान्याच्या (कोणालाही वापरता व अनुवादित करता येणाऱ्या) गोष्टी मुलांनी मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन आपल्या घरच्या तेलुगूत आणाव्यात, असा विचार आहे, कारण ती बोली सोलापूरची आहे आणि छापील तेलुगूहून वेगळी पडते. विद्यावेतनासाठी वाचनालयाच्या वर्गणीतून काही रक्कम काढता येईल, पण ती पाच जणांना पुरणार नाही. पहिल्या तुकडीत दोघेच घ्यावेत, की पाचही जणांना अर्धा-अर्धा वेळ द्यावा, याबद्दल आपले मत कळवावे.