सल्ला हवा : २२ ते २८ फेब्रुवारी, विद्यापीठाचा खुला सप्ताह (व्याख्यानं, प्रयोग, प्रदर्शन)

बकुळ
कोल्हापूरकडच्या विद्यापीठात फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सर्वांसाठी खुला ठेवायचा आहे. २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन लागून येतात, म्हणून भाषा विभाग आणि भौतिकशास्त्र विभाग एकत्र करत आहेत. ४०० खुर्च्यांचं बंदिस्त सभागृह, दोन मोठे वर्ग प्रदर्शनाला आणि एक उंच जिना असलेली इमारत हाताशी आहे. कच्च्या आराखड्यात रोज तीन व्याख्यानं आणि संध्याकाळी एक कार्यक्रम आहे. ग्रंथालयातली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि काही मोडी कागद मांडायचे आहेत. काय ठेवावं, काय गाळावं?

पडद्यामागे
आधी रोजची तीन व्याख्यानं एकावर आणा. सात दिवसांत एकवीस व्याख्यानं म्हणजे चौथ्या दिवसापासून रिकाम्या खुर्च्या, आणि पाहुण्याला ते मंचावरून दिसतं. संध्याकाळी साडेपाचला एकच व्याख्यान ठेवा, म्हणजे नोकरदार आणि गावातले लोकही पोचतात. बोलणं ४५ मिनिटं, प्रश्न २० मिनिटं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय आणि आभार मिळून दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो आणि मग कात्री लागते ती प्रश्नांना, जी खुल्या व्याख्यानाची खरी कमाई आहे. सत्कार फक्त पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकत्र उरका.

त्या दिवसांत बारावीच्या परीक्षा चालू असतात आणि दहावीच्याही आलेल्या असतात. शाळा बोलवायच्या तर सातवी ते नववी, आणि परीक्षा केंद्र नसलेल्या. पत्रं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजेत. बसची सोय शाळेला करावी लागते, तिला वेळ लागतो.

शाईदौत
प्रदर्शनातल्या जुन्या कागदांबद्दल. जुना कागद आणि शाई यांना प्रकाश सोसत नाही, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. संग्रहालयांचा नेम असा : ५० लक्सच्या (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) वर प्रकाश नको, आणि सर्वांत नाजूक वस्तूंना वर्षभरात एकूण १५,००० लक्स-तास, म्हणजे लक्स गुणिले तास. ५० लक्सवर रोज आठ तास धरले तर सात दिवसांत २,८०० होतात, चिंता नाही. पण वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ५०० लक्स सहज पडतात. तिथे रोजचे ४,००० झाले, म्हणजे चौथ्या दिवशीच वर्षाचा वाटा संपला. लक्समीटर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असेलच, तो काचपेटीत ठेवून मोजा. मोबाइलच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. खिडक्यांना जाड कापड आणि खोलीत मंद एलईडी. दिवा पेटीच्या आत नको, आतली हवा तापते आणि कागद वाकतो.

कोश पूर्ण सपाट उघडू नका, पाठीचे टाके तुटतात. पुठ्ठ्याचे दोन उतार करून साधारण १०० अंशांत उघडा आणि पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्टीने सैल धरा. सेलोटेप, टाचणी, लॅमिनेशन कधीच नको. मोडी कागदांपैकी दोन-तीनच अस्सल ठेवा, बाकीच्यांच्या मूळ आकारातल्या रंगीत प्रती भिंतीवर लावा आणि प्रत्येकीखाली देवनागरी लिप्यंतर द्या. लिप्यंतर नसेल तर माणूस कागदापुढे दहा सेकंदही थांबत नाही. शेजारी एक टेबल, सहा बोरू, शाई, आणि मोडीत स्वतःचं नाव लिहून नेण्याची सोय. गर्दी तिथेच होईल, म्हणून ते टेबल दारापासून लांब मांडा.

टंक
फलकांबद्दल दोन गोष्टी. छपाईवाल्याला वर्ड फाइल देऊ नका. त्याच्याकडे जुना फाँट असला की जोडाक्षरं मोडतात, पहिली वेलांटी अक्षर सोडून पळते. अक्षरांच्या बाह्यरेषा केलेली पीडीएफ द्या आणि फलकाचा छोटा नमुना छापून वाचा. दुसरं, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. अनेक फाँट मुळात हिंदी वळणाचे ल आणि श देतात, भाषा निवडली की आपल्या वळणाचे येतात, अर्थात फाँटमध्ये ती सोय असली तर. ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र मुद्दाम तपासा. भाषा दिनाच्या फलकावर हे चुकलेलं फार टोचतं.

मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, एका फलकावर ९० शब्दांच्या वर नको. मुलांसाठी फलकाचा मध्य जमिनीपासून १२५ सेंमीवर.

लंबक
उंच जिना आहे म्हणता, तर फूकोचा लंबक लावाच : लांब तारेवर झुलणारा गोळा, ज्याच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू वळताना दिसते. पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दाखवणारं यापेक्षा साधं काही नाही. ६ मीटर पोलादी पियानो तार, १ मिमी जाड, खाली १० किलोचा गोळा. झोका पाच सेकंदांच्या जरा आत पुरा होतो. वर तार ड्रिलच्या चकमध्ये (पातं पकडणाऱ्या जबड्यात) धरा. नुसती गाठ किंवा हूक लावला तर टेकू एका बाजूला जास्त लवचीक राहतो आणि लंबक लंबवर्तुळात फिरू लागतो. गोळा हाताने सोडू नका, दोऱ्याने बाजूला बांधा, पूर्ण स्थिर होऊ द्या आणि दोरा जाळा.

अपेक्षा मात्र नीट सांगा. झोक्याची दिशा तासाला जितकी फिरते तो कोन म्हणजे १५ अंश गुणिले अक्षांशाची साइन. १८५१ मध्ये फूकोने पॅरिसला हा प्रयोग दाखवला तेव्हा तो सुमारे ११ अंश होता. कोल्हापूरला जेमतेम ४.३, म्हणजे पूर्ण फेऱ्याला साडेतीन दिवस. अर्ध्या मीटरच्या झोक्याला टोक तासाभरात पावणेचार सेंमी सरकतं. म्हणून खाली एकेका अंशाच्या रेषा आखलेला मोठा कागद ठेवा आणि व्याख्यानाआधी सोडून नंतर दाखवा. झोका हळूहळू आटतो, दर तासाला नव्याने सोडा. भोवती दोर बांधा आणि एक स्वयंसेवक कायम उभा ठेवा.

आणि एक विनंती. ऑलिव्ह तेलातून हिरवा लेसर सोडून ‘हा रामन परिणाम’ असं सांगू नका. तो नारिंगी-लाल रंग तेलातल्या हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीचा असतो, म्हणजे हरितद्रव्य प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडतं. रामन विकिरण, म्हणजे पदार्थावर विखुरताना प्रकाशाचा रंग बदलणं, कोटीत एखाद्या प्रकाशकणाचं होतं, फिल्टर नसेल तर ते झाकोळून जातं. रामन यांनी १९२८ मध्ये एकमेकांना पूरक रंगांचे फिल्टर वापरले होते, तीच मांडणी चित्राने समजावा. लेसर १ मिलिवॅटच्या आतला. बाजारातले हिरवे पॉइंटर लेबलापेक्षा बरेच जोरकस निघतात.

बकुळ
लंबक नक्की. ऑलिव्ह तेल यादीत होतं, काढलं. २७ च्या संध्याकाळी कविता आणि एक एकांकिका आहे. परवानग्या कोणत्या?

पडद्यामागे
एकांकिकेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं. संहिता आधी संमत झाली असेल तर संस्थेकडून प्रत मागून घ्या. लेखकाची लेखी परवानगी वेगळी. कवितांचं असं : कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, मर्ढेकर मोकळे आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. प्रवेश विनामूल्य असला तरी चित्रफीत यूट्यूबवर टाकणार असाल तर हक्कधारकांना आधीच लिहा.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिस ठाण्यातून घ्या. उघड्यावर रात्री १० नंतर चालत नाही. तुमचं सभागृह बंदिस्त आहे, तरी साडेनऊला संपवा, शेवटच्या एसटीचं वेळापत्रक बघून.

शाईदौत
संगीत असेल तर तबला-पेटी तासभर आधी सभागृहात आणून ठेवा. एसी आणि मंचावरच्या दिव्यांत तबल्याचा सूर सरकतो. कवितेला माइक तोंडापासून वीतभर, आणि स्पीकर माइकच्या पुढच्या रेषेत, नाहीतर शिट्टी येते. चाचणी रिकाम्या सभागृहात घेतलीत तर आवाज घुमेल. लोक बसल्यावर तो बराच मिटतो, तेव्हा लगेच बटणं फिरवत बसू नका.