दिसते म्हणणाऱ्यांचे अंधत्व

आध्यात्मिक अंधत्व ही केवळ अविश्वासूंची अवस्था आहे, हे मत मला पटत नाही. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्य येशूच्या सांगण्यावरून शिलोहाच्या तळ्यात डोळे धुऊन पाहू लागतो, आणि ‘आम्हांला दिसते’ म्हणणाऱ्या परूश्यांचेच, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथीयांचेच, पाप कायम राहते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील बेथसैदाच्या आंधळ्याला तर येशूच्या पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. वसईत आमच्या आजीच्या डोळ्यावरची मोतीबिंदूची पट्टी सुटली, तेव्हा तिलाही अंगणातली केळ आणि दारातली शेजारीण सारखीच भासली होती. मार्काच्या त्या प्रसंगानंतर लगेचच शिष्य पेत्र येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाचा अभिषिक्त, म्हणतो, मात्र येशूने दुःख सोसावे हे नाकारतो. म्हणून शिष्यांचीही दृष्टी तेव्हा अर्धीच उघडली होती, हा अनेक भाष्यकारांचा अर्थ मला मोलाचा वाटतो.