मदत हवी आहे: चिखलदरा-सेमाडोह ३ दिवस, खोली मिळत नाही, कसं बसवू?

शहानूरकाठ
नमस्कार. या मे महिन्यात चिखलदऱ्याला ३ दिवस जायचं आहे. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, पंचबोल, मोझरी पॉइंट, शिवाय खाली मेळघाटच्या जंगलातलं सेमाडोह गाव आणि प्राणी बघायला पाणवठ्यावरच्या मचाणावर एक रात्र, एवढं सगळं करायचं आहे. चार ठिकाणी फोन केले, चारही फुल्ल. एकाने आगाऊ पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी खोली नाही म्हणाला, ते पैसे अजून परत आले नाहीत. कोणत्या दिवशी काय ठेवू आणि राहू कुठे, एवढंच सांगा. नेटवरच्या याद्या वाचून झाल्या आहेत, त्या परत नको. घाई आहे.

मेळघाटची_माती
भाऊ, निघून राहिले कुठून? तारीख कोणती? माणसं किती, गाडी कोणती? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

दर्यापूरकर
मे महिन्यात नका जाऊ. भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहिलं की नुसता काळा कातळ दिसतो, पाण्याची एखादी रेघ असली तर असली. ऑगस्टात जा. समोरचं माणूस दिसत नाही असं धुकं असतं, तो खरा चिखलदरा.

शहानूरकाठ
ऑगस्टात पोरांची शाळा आणि माझी डवरणी-फवारणी. तेव्हा घरातून पाय निघत नाही. सुटी आहे ती आत्ताच. मचाण म्हटलं म्हणजे तारीख बुद्ध पौर्णिमाच ना! अंजनगावहून निघू. सहा जण, त्यात पोरं ६ आणि ९ वर्षांची. आता सांगा.

रानवाट_७
मचाणाची नोंदणी आधीच ऑनलाइन होते, जागा मोजक्या. आता ऐनवेळी मिळणार नाही. मिळाली तरी लेकरांना नेऊ नका. मी दोनदा बसलो आहे. दुपारी जंगलात सोडतात ते दुसऱ्या दिवशी सकाळीच न्यायला येतात, मधे खाली उतरायचं नाही. रात्री दीडच्या सुमारास अस्वल आलं. आधी पाचोळा वाजला, मग कोणी जोरात फुंकर घालावी तसा आवाज आणि नंतर पाणी ओढल्याचा. सोबतच्या वनरक्षकाने नुसता हात वर केला आणि मी तोंडात रुमाल धरला, कारण घशात खोकला अडकला होता. ६ वर्षांचं पोर ते कसं सहन करेल?

दर्यापूरकर
आणि मचाणावरून होणाऱ्या त्या प्राणीगणनेचा उपयोग काय? वाघ कॅमेऱ्याने मोजतात आता, पट्ट्यांवरून. मचाणावर बसून माणसं फोटोच काढतात.

रानवाट_७
मोजणी कॅमेऱ्याने होते हे खरं आहे. म्हणून तर वनविभाग आता याला निसर्गानुभव म्हणतो. पण रात्रभर गप्प बसून जंगल ऐकायला मिळतं, ते कॅमेरा देत नाही. तुम्ही एकदा बसून पाहा, मग बोला.

अचलपूरची_लेक
रबडी चिखलदऱ्यालाच खा. मोथा गावाच्या आसपास गवळी लोकांची दुभती जनावरं आहेत, खव्याची चव वेगळीच. स्ट्रॉबेरी मात्र शोधू नका, ती थंडीतली.

मेळघाटची_माती
सहापैकी दोन पोरं. बाकीचे कोण? कोणाला गुडघ्याचा, दम्याचा त्रास? गाविलगडावर उन्हात बरंच चालावं लागते.

शहानूरकाठ
मी, बायको, आई आणि बाबा. बाबांचं वय ७४, दोन्ही गुडघे गेले आहेत. खरं तर जायचं त्यांच्याचसाठी आहे. ते १२ वर्षं सागवानाच्या ट्रकवर होते, जंगलातल्या तोडीच्या कूपातून परतवाड्याच्या डेपोपर्यंत. सेमाडोहला सिपना नदीवर गाडी थांबवायचे, रेडिएटरमध्ये पाणी भरायचे, मग स्वतः डोहात उतरायचे. दर उन्हाळ्यात "एकदा सेमाडोह दाखव रे" म्हणून राहिले, आणि दर उन्हाळ्यात माझं काहीतरी निघते. या वर्षी नेणारच.

मेळघाटची_माती
हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं, भाऊ! मग मचाण, गाविलगड, पंचबोल सगळं काढून टाका. सेमाडोह धरा, बाकी त्याच्याभोवती बसवा.

ऐलपैल
मुक्तागिरीला न्या ना आईबाबांना. परतवाड्यापासून जवळ, डोंगरात ५२ जैन मंदिरं, फार शांत जागा आहे. आम्ही दरवर्षी जातो.

अचलपूरची_लेक
अहो, गुडघे गेलेल्या माणसाला मुक्तागिरीच्या पायऱ्या? तेही मे महिन्यात?

ऐलपैल
डोलीची सोय असते म्हणून सांगितलं. आमच्या आजीला तशीच नेली होती.

जुना_मूर्तिजापूर
वडील त्या काळातले असतील तर त्यांना शकुंतला रेल्वे नक्की आठवत असेल. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आता तर गाडीच बंद आहे. आमच्या लहानपणी मे महिन्यात तिच्यातूनच मामाच्या गावाला जायचो, चढावर माणसं उतरून सोबत चालायची. ती सुरू झाली पाहिजे यासाठी सगळ्यांनी बोललं पाहिजे.

रानवाट_७
दादा, तुमचं अगदी मान्य, पण त्याचा वेगळा धागा काढा. इथं माणूस खोलीसाठी अडला आहे.

दर्यापूरकर
सेमाडोहलाच मुक्काम करा मग. दोन रात्री. कशाला वरखाली?

हरिसाल_रोड
तो सल्ला नको. सेमाडोह खाली खोऱ्यात आहे, दुपारी लू लागते. चिखलदरा १,११८ मीटरवर, दिवसा ऊन तिथंही लागते पण रात्री म्हातारं माणूस नीट झोपते. मुक्काम वर करा, पहाटे खाली सेमाडोहला जा आणि दहाच्या आत परत वर या. रस्ता जंगलातून आहे. पहाटे गाडी सोडतात का, हे आदल्या दिवशी नाक्यावर विचारा.

खोलीचं म्हणाल तर शनिवार-रविवार आणि पौर्णिमा सोडा. मंगळवार-बुधवार धरा. तुम्ही शेतकरी आहात, पोरांना सुटी आहे, आठवड्याचा मधला वार तुम्हाला काय अडवतो? मचाण काढलं तर ती तारीखही सुटली.

शहानूरकाठ
मचाण काढलं. तारीख बदलता येते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, एवढा मी त्या पौर्णिमेला धरून बसलो होतो. गाडी ७ सीटर, डिझेल. घाटात मी पहिल्यांदाच चालवणार आहे.

जुना_मूर्तिजापूर
चढताना खालच्या गिअरवर ठेवा, एसी बंद. काटा वर गेला तर सावलीत थांबा, बोनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजतो. उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, ब्रेक कमी लागतो. तुमचे बाबा शेजारी बसू द्या. १२ वर्षं लाकूड भरून तो घाट उतरले आहेत ते. त्यांचं ऐका.

ऐलपैल
बाबांना नदीत उतरवणार का? व्याघ्र प्रकल्प आहे तो. १९७३ मध्ये देशात पहिली ९ जंगलं निवडली त्यातलं एक मेळघाट. तेव्हाचे नियम वेगळे, आताचे वेगळे.

हरिसाल_रोड
बरोबर आहे. जंगलात कुठेही गाडी थांबवून उतरायचं नाही. गावाजवळ, जिथं गावातली माणसं जातात तिथंच, आणि तेही वनविभागाच्या माणसाला विचारून. मे महिन्यात सिपना वाहत नाही म्हणा, डोह डोह उरतात. मधे गोटे, त्यांच्यावर शेवाळ वाळलेलं असते आणि पाय सरकतो. बाबांना पाण्यापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. काठावर अर्जुनाच्या झाडाच्या सावलीत बसवा. घरची प्लास्टिकची खुर्ची सोबत घ्या, तिथं बसायला काही मिळणार नाही. प्यायचं पाणी परतवाड्यातूनच भरा, उन्हाळ्यात वर टंचाई असते. नेटवर्क धरून चालू नका, थोडी रोकड ठेवा.

शहानूरकाठ
मंगळवार-बुधवारची खोली मिळाली, खालच्या मजल्यावर. परतवाड्याहून धामणगाव गढीने चढू, सेमाडोह बुधवारी पहाटे, येताना घटांगवरून उतरू. बाबांना रस्ता वाचून दाखवला, तर घटांगच्या पुढे कोणत्या वळणावर हॉर्न द्यायचा ते सांगत बसले आहेत.

दर्यापूरकर
जाऊन आल्यावर भीमकुंडाला पाणी होतं का, ते लिहा.

शहानूरकाठ
लिहितो. खुर्ची डिक्कीत टाकली आहे. उद्या पाचला निघतो.